पायवाटेसाठी स्टेनलेसचा कोयता: घडवून घेण्यापासून हात बसेपर्यंत

पावसाळा सरला की सह्याद्रीतली कमी वावराची वाट शोधावी लागते. मे महिन्यात जिथून गुरं सुखाने ये-जा करत होती, तिथे ऑक्टोबरात कारवी छातीला लागते, करवंदीच्या जाळ्या दोन्हीकडून येऊन एकमेकींत अडकतात आणि उरलेल्या जागेत रानमोडी डोकं काढते. गावातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. त्याच्या कमरेच्या आकडीला कोयता लटकलेला असतो, जाता-येता तो दोन घाव घालतो आणि वाट उघडी राहते.

अडचण आपली आहे. आपण शहरात राहतो, महिन्यातून एखादा रविवार गडाच्या वाटेवर किंवा गावच्या घरामागच्या पाणंदीत घालवतो. आपला कोयता वर्षातले दहा महिने माळ्यावर पडून असतो आणि काढावा तेव्हा गंजलेला निघतो. त्यामुळे स्टेनलेसचा कोयता मनात भरतो. माझ्याही भरला. रस्त्याकडेच्या एका दुकानातून आरशासारखा चकचकीत कोयता घेतला आणि पहिल्याच जाडसर कारवीवर त्याची धार कागदाची कड दुमडावी तशी दुमडली. गंज मात्र त्याला आजतागायत लागलेला नाही. सध्या आमच्याकडे तो फणस फोडायला वापरतात, चीक पटकन निघतो म्हणून.

त्यानंतर दुसरा करून घेतला, तो टिकला. दोन्हींच्या मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने सांगतो.

आधी पाणी विचारा

हत्याराच्या कठीणपणाला आपल्याकडे पाणी म्हणतात. लोहार तापलेलं पातं बुडवतो ते पाणी देणं, आणि त्यातून पात्यात जे उतरतं तेही पाणीच. स्टेनलेस घेताना नवखा माणूस नेमका इथे फसतो, कारण स्टेनलेस या नावाखाली मिळणाऱ्या बऱ्याचशा पत्र्याला पाणी चढतच नाही.

जिन्याचे कठडे, सिंक, डबे ज्याचे बनतात ते २०२ किंवा ३०४ ग्रेडचं स्टील. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. गंजाला ते पक्कं, पण लालबुंद करून बुडवलं तरी कठीण होत नाही, उलट आणखी मऊ पडतं. फॅब्रिकेशनवाल्याकडे कठड्याची उरलेली पट्टी असते. तो तिला हौसेने कोयत्याचा आकार देतो, पॉलिश मारतो, आणि पुढे फणसाची सोय होते.

कोयत्याला हवं ४२० ग्रेड. बाजारात त्यातलं ४२०जे२ सहज मिळतं, स्वयंपाकघरातल्या पुष्कळ सुऱ्या याच्याच असतात. यात क्रोमियम १२ ते १४ टक्के आणि कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास. निकेल जवळपास नाही. हा कार्बनच पाणी धरतो. याहून भारी म्हणून ४४०सी सुचवणारे भेटतील. त्यात कार्बन १ टक्क्याच्या घरात असतो आणि धार खूप टिकते, पण कोयत्याचं काम आपटण्याचं आहे. खडकावर घाव चुकला की त्याचा टवका उडतो. चाकूला ठेवा ते.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक असू द्या. ३०४ ला तो चिकटत नाही (ठोकलेल्या, वाकवलेल्या जागी थोडी ओढ जाणवते), ४२० ला घट्ट चिकटतो. पण चिकटला म्हणून पैसे काढू नका, कारण ४३० ग्रेडलाही तो चिकटतो आणि त्यालाही पाणी चढत नाही. शेवटचा निकाल कानस देते. पाणी दिलेल्या पात्याच्या धारेवर, मुठीजवळच्या कोपऱ्यात, बारीक दाताची कानस हलक्या हाताने ओढा. कानस लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर पातं कच्चं आहे. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी फार कडक आहे, धारेला खांडं पडणार. जोर लावल्यावर जेमतेम पकड घेत असेल तर तो कोयता घ्यावा. रॉकवेल या कठीणपणाच्या मापात बोलायचं तर ५० च्या थोडं इकडे-तिकडे.

लोहार की कारखाना

रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेलं घिसाडी कुटुंब तुम्ही पाहिलं असेल. बुवा सांडशीत लाल लोखंड धरतो आणि समोरून बाई घण घालते. त्यांच्या हातचा कोयता बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा असतो. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर, आणि पाणी देण्याचं तापमान ८०० ते ८५० अंशांच्या आसपास. हा रंग लोहाराचा डोळा अचूक ओळखतो, सावलीत बसून काम करण्याचं कारणही तेच.

स्टेनलेसचं गणित वेगळं. ४२० ला १००० अंशांच्या वर न्यावं लागतं, तिथे काही मिनिटं धरून ठेवावं लागतं आणि ते संपूर्ण पात्यावर एकसारखं. कोळशाच्या भट्टीत तेवढी धग निर्माण होते, पण टोकाला वेगळी आणि मधोमध वेगळी. पुढे ते तेलात किंवा हवेच्या झोतात निववायचं, आणि लगेच २०० अंशांच्या आसपास दोनेक तास पुन्हा शेकायचं, म्हणजे ठिसूळपणा जातो. हे भाता-ऐरणीवर होणारं काम नाही. म्हणून 'हाताने घडवलेला स्टेनलेस कोयता' म्हणजे प्रत्यक्षात हाताने कापलेला, घासलेला, मूठ बसवलेला कोयता. मधलं पाणी देण्याचं काम भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून होतं. विकणारा म्हणाला की आम्हीच मागे चुलीवर पाणी दिलं, तर चुंबक-कानस काढायचीही गरज नाही, नमस्कार करून निघावं.

आणि एक मनापासून सांगतो. आठवड्यातून दोन-तीनदा कोयता चालवणारे असाल, बाग असेल, वाडी असेल, तर स्टेनलेसच्या नादी लागू नका. पाट्याचा कोयता स्वस्त पडतो, त्याची धार दगडावर झटपट येते, आणि बोथटला की कुठल्याही गावात शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून नवी धार काढून, मिळतो. रोज वापरातल्या पात्याला गंज चढायला वेळच मिळत नाही. स्टेनलेस आपल्यासारख्या रविवारच्या माणसांसाठी. फक्त पाट्याऐवजी कुणी रेल्वेच्या रुळाचा तुकडा देऊ केला तर नको म्हणा. रेल्वेची मालमत्ता जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे.

आकार, आणि पुठ्ठ्याचा कोयता

इंटरनेटवर दिसणारे अमेझॉनच्या जंगलातले माचेटे १८ इंच पात्याचे आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचे असतात. तिथे बरंचसं हिरवं, रसाळ, मऊ कापायचं असतं. लांब हलकं पातं वेगाने फिरवलं की काम होतं. आपल्या कारवीच्या काठ्यांनी मात्र कोकणात कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. वाळलेल्या कारवीवर पातळ पातं थरथरतं, उसळतं आणि मनगटाला झिणझिण्या आणतं. इथे आखूड आणि थोडं वजनदार बरं: पातं १० ते ११ इंच, पाठीला जाडी ४ मिलिमीटर, मुठीसह वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. वजनाचा कल पात्याच्या पुढच्या निम्म्यात हवा.

ऊसतोडीचा कोयता यासाठी घेऊ नका. तो हलका, बुडख्याशी वाकून एका ठरावीक घावासाठी घडलेला असतो. (ऊसपट्ट्यात 'एक कोयता' म्हणजे तोडणीला आलेलं नवरा-बायकोचं जोडपं. हत्याराने माणसांच्या मोजणीत अशी जागा घेतल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.) वाटेसाठी कोकणातल्या कोयत्याची घडण चांगली: मुठीपासून सरळ निघणारं पातं आणि शेवटी आत वळलेली चोच. चोचीने काटेरी फांदी लांबूनच ओढून घेता येते, आणि जमिनीलगत घाव घालताना दगडावर पाठ आपटते, धार वाचते.

करायला टाकण्याआधी पुठ्ठ्याचा कोयता कापा. खरंच. पूर्ण मापाचा पुठ्ठा काठीला बांधून अंगणात दहा-बारा वेळा फिरवा. मूठ तोकडी आहे, चोच फार वळली आहे, हे तिथेच कळतं. तोच पुठ्ठा कारागिराला द्या आणि कामाचा क्रम ठरवून घ्या. पट्टी कापायची, मुठीच्या रिव्हेटची भोकं पाडायची आणि धारेचा उतार ढोबळ घासायचा, हे सगळं पाणी देण्याआधी. कारण कडक झालेल्या स्टेनलेसला नंतर भोक पाडताना ड्रिलची टोकं जळतात. धारेची कड या टप्प्यावर एक मिलिमीटर जाड राहू द्यायची, नाहीतर भट्टीत ती लाटांसारखी वाकते. पाणी देऊन आलं की शेवटची धार काढायची. तीही पातं उघड्या हातात धरून, दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत. ग्राइंडरवर धारेला निळी-तपकिरी झाक आली तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा.

ग्राइंडरबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. ज्या चाकावर साधं लोखंड घासलंय त्याच चाकावर स्टेनलेस घासलं, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि पुढे त्या जागी गंजाचे ठिपके उठतात. मग आपण म्हणतो, स्टीलच खोटं. नवीन चाक लावायला सांगा, वाटल्यास त्याचे पैसे द्या. घरीही लोखंडी काथ्याने घासू नका.

मूठ

पट्टीचा मागचा भाग मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीत गेलेला हवा, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या आणि आरपार तीन रिव्हेट. लोहाराच्या पद्धतीत मागचं निमुळतं टोक लाल करून लाकडात जाळत घुसवतात आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं बसवतात. पाट्याच्या कोयत्याला ते चालतं, सैल झालं तर गावात पुन्हा ठोकून मिळतं. तुमच्या माळ्यावर मात्र ते लाकूड उन्हाळ्यात आटतं, आणि पुढच्या मोसमात पातं मुठीतून निसटून पुढच्या माणसाच्या दिशेने जाऊ शकतं.

लाकूड बाभळीचं किंवा धामणीचं. धामण लवचीक असते, हाताला धक्का कमी देते. साग दिसतो देखणा, पण घामट हातात गुळगुळीत होतो. वॉर्निशचा चकचकीत थर नको, जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवा. मुठीच्या शेवटी करंगळीखाली फुगीर गाठ हवीच, घाव घालताना हात घसरतो तो मागे, आणि ती गाठच त्याला थांबवते.

धार किती

कागदाचा एक चौकोनी कोपरा घ्या, तो ९० अंशांचा. एकदा दुमडा, ४५. पुन्हा दुमडा, साडेबावीस. प्रत्येक बाजूने एवढाच कोन ठेवून कानस चालवायची. याहून बारीक केली तर कारवी धार मोडते, जाड ठेवली तर कोयता कापण्याऐवजी चेचतो. घासण्याची दिशा नेहमी पाठीकडून धारेकडे, आणि हातमोजा घालून. रानात आठ इंची चपटी कानस पुरते. घरी आल्यावर कुरुंदाच्या दगडाची खरखरीत बाजू, मग मऊ बाजू, पाणी टाकून. दाढी करण्याइतकी धार काढायच्या भानगडीत पडू नका, कोवळी कारवीची काठी एका घावात तिरकी तुटली की पुरे.

कोयता बाहेर काढण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळलात तर बाकीचं सगळं व्यर्थ जाईल.

शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेली धारदार शस्त्रं त्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयता कोयत्यासारखाच दिसू द्या. पाठीला करवतीचे दात, काळा रंग, लढाईच्या सिनेमातलं म्यान, असल्या हौसेने तुम्ही स्वतःच शेतीच्या हत्याराचं शस्त्र करता. त्यातून पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रुळल्यापासून उघडा कोयता दिसला की लोक दचकतात, आणि ते साहजिक आहे. शहरातून नेताना तो म्यानात, वर गोणपाट, वर दोरी आणि पिशवीच्या तळाशी असावा. पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतील तर त्या दिवशी नेऊच नये. मेट्रोत चालत नाही, विमानात हातातल्या सामानातही नाही.

दुसरा प्रश्न, वाट कुणाची? राखीव वनात झाडतोड १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बंद आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा. गडांचंही तसंच. रायगड, शिवनेरी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, राजगड, साल्हेर राज्याच्या खात्याकडे. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तिथे नजरही वाढली आहे. तटातून उगवलेला पिंपळ किंवा उंबर तर स्वतःच्या अकलेने ओढूच नका, मुळाबरोबर चिरे निखळून येतात.

तेव्हा पहिला हात बसवायची जागा म्हणजे स्वतःच्या मालकीचं रान किंवा गावची पाणंद, ग्रामपंचायतीला विचारून. गडावर जायचं तर परवानगी काढलेल्या संवर्धन गटाबरोबर. त्यांच्यात एखादे गावातले काका असतात. पहिला अर्धा तास कोयता पिशवीत ठेवून फक्त त्यांच्या मनगटाकडे बघा.

घाव

पूर्ण बाह्या, जाड पॅन्ट, घोट्याच्या वर येणारे बूट, डोळ्यांवर साधा प्लास्टिकचा चष्मा. डाव्या हातात चामडी हातमोजा. उजव्या हातात मी घालत नाही, मूठ कळेनाशी होते. (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) मनगटाला दोरीचा फास घालावा का, यावर वाद आहे. माझं मत, घालू नये. हातातून सुटलेलं पातं लांब गेलेलं बरं, फासाला लटकून ते मांडीवर येतं.

कोयता आवळून धरायचा नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं घट्ट, उरलेली दोन सैल, घाव लागण्याच्या क्षणी तीही मिटतात. ताकद खांद्याची नसते, वजन पुढे असलेलं पातं आपणच पडतं, आपण फक्त त्याला दिशा देतो. पाय खांद्याइतके फाकवून, आणि घावाची रेषा पुढे वाढवली तर ती पायापाशी संपत नाही ना हे प्रत्येक वेळी बघून. उजव्या हाताने डावीकडे खाली आणलेला घाव चुकला तर तो थेट डाव्या नडगीवर येतो. नवख्यांच्या जखमा बहुतेक तिथेच. म्हणून उजव्या हाताने उजवीकडचं कापा, डावीकडचं कापायला वळून उभे राहा.

फांदी हाताने धरू नका, वाकड्या काठीने किंवा चोचीने ताणून धरा. ताणलेली फांदी निम्म्या घावात तुटते, ढिली फांदी नुसती झुलते.

आता वाट करण्यातली सर्वांत मोठी चूक. कोयत्याचा घाव तिरका लागतो, त्यामुळे मागे उरलेला खुंट भाल्याच्या टोकासारखा असतो. कारवीचे असे वीतभर उंचीचे शेकडो खुंट वाटेवर सोडले, तर उतरताना घसरलेल्या माणसाच्या तळहातात, गुडघ्यात, कधी पोटात ते घुसतात. न साफ केलेली वाट त्यापेक्षा बरी. कापायचं तर जमिनीलगत, आणि तिथे कोयता मातीत घालून धार घालवण्यापेक्षा घडीची छोटी करवत आणि झाड छाटायची कात्री जवळ ठेवा. पाऊणएक इंच जाडीच्या पुढे मी कोयता म्यान करतो आणि करवत काढतो. वरची फांदी करवतीनेच, खोडाला जिथे फुगीर कडं असतं त्याच्या जरा बाहेरून, म्हणजे झाड जखम भरून काढतं.

रुंदी किती? पाठीवर सॅक घेतलेला एक माणूस जाईल एवढी, साधारण एक मीटर, आणि उंची डोक्याच्या वर हातभर. त्याहून जास्त उघडलं की ऊन थेट जमिनीवर पडतं आणि तिथे सगळ्यांत आधी रानमोडी आणि घाणेरी येतात. उतारावर बाहेरच्या कडेची झुडपं तर ठेवाच, तीच माती धरतात आणि पाय घसरला तर हाताला येतात.

कापणारा एकच, पुढे. त्याच्या मागे किमान तीन मीटर सोडून दुसरा, कापलेलं उचलणारा. कापलेलं वाटेच्या खालच्या अंगाला टाकायचं, तुटकी टोकं वाटेकडे येणार नाहीत अशी, आणि पाणी जाण्याच्या चरात कधीच नाही. वीस मिनिटांनी माणसं बदलायची. दमलेल्या हाताची मूठ सैल होते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही.

कुणाला हात लावायचा नाही

करवंदीचा चीक पात्याला चिकटतो, तेवढंच. निवडुंगाचा, शेराचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. ते वळसा घालून जाण्याचे प्रकार. बिब्ब्याच्या झाडाला घाव घातलात तर अंगावर उठणारे फोड आठवडाभर पुरतील. खाजकुइलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात. वेलीला नुसता धक्का लागला तरी सोनेरी कुसळं उडतात. तिथे वारा पाठीशी घेऊन काम करा किंवा सरळ पुढच्या खेपेला ठेवा. घाणेरी वरून कापून जात नाही, चौपट होऊन येते. तिला कुदळीने मुळाच्या गड्ड्यासकट काढावं लागतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. ते वर्ष असेल तर बी पडून जाईपर्यंत वाटेतली अगदी अडणारी काठीच तेवढी तोडा.

आता साप. फुरसं दगडाआड, पाचोळ्यात. चापडा मात्र हिरवा, झुडपात नेमका कोयता फिरतो त्या उंचीवर, पानांत मिसळून बसलेला. म्हणून घाव घालण्याआधी काठीने जाळी हलवायची. साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, तो अवयव न हलवता १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं, चापड्यासाठी नसतं, तरीही रुग्णालय चुकवायचं नाही. पात्याची जखम झाली तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दाब सोडून सारखं बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते घरून निघतानाच आठवून ठेवा.

घरी आल्यावर

स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, हा समज समुद्रकाठी फार लवकर उतरतो. ४२० ला खारी हवा मानवत नाही, बारीक खड्डे पडतात. चीक खोबरेल तेलाने किंवा रॉकेलच्या बोळ्याने पुसा, साबणाने धुवा, कोरडं करा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. करडईचं तेल नको, ते वाळून चिकट राप धरतं.

म्यान दुकानात सहसा मिळत नाही. मी पीव्हीसी पाइपचं केलं: चार इंची पाइपाचा तुकडा उभा चिरून गरम वाळूत मऊ केला, दोन फळ्यांत दाबून चपटा केला आणि कडेला नट-बोल्ट लावले. तळाला एक भोक, पाणी निथळायला. चामड्याचं म्यान दिसायला छान, पण त्यात कोयता महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. माळ्यावर ठेवताना मी पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळून म्यानाच्या बाहेरच ठेवतो, पोरांच्या हाताला लागणार नाही असं, आणि कुलूपबंद.

तो खाली उतरतो खंडेनवमीला. घरातली विळी, सुऱ्या, पान्हे यांच्या रांगेत त्याला हळद-कुंकू लागतं, आणि त्याच बैठकीत मी रिव्हेट वाजवून बघतो, मूठ पिळून बघतो, धार नखावर टेकवून बघतो. मागच्या वर्षी मधला रिव्हेट सैल लागला. ऐरण नव्हती, वरवंट्यावर ठेवून ठोकला.